उंचवट्याचं प्रजासत्ताक

"पासपोर्ट?"

खांद्यावर तिपाई, हातात यंत्राची पेटी, बुटांत चिखल, आणि वरून पाऊस असा की छत्री उघडावी तर लाज वाटावी आणि मिटावी तर केस भिजावेत. अशा वेळी अर्ध्या फाटकाआडून एक तरुण माणूस शांतपणे पासपोर्ट मागतो, म्हणजे माझा पारा कुठवर चढला असेल ते तुम्हीच समजा.

"भूमापन कार्यालयातून आलेय," मी म्हटलं. "मोजणी आहे. फाटक उघडा."

"उघडतो ना. पासपोर्ट नसेल तर व्हिसा देऊ. एका दिवसाचा. लगेच मिळतो."

"आणि मी नाही घेतला तर?"

"तर मला तुम्हाला आत घेता येणार नाही. तुम्ही इथं भिजत उभ्या राहाल, मग मलाही इथंच उभं राहावं लागेल." तो जरा थांबला. "मला चालेल."

हे 'मला चालेल' त्यानं अशा काही आवाजात म्हटलं की मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, उजव्या हाताची बोटं शाईनं काळी. तोंड अगदी सरकारी, पण डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

"तुम्ही कोण?"

"परराष्ट्रमंत्री. छपाईचं कामही बघतो."

व्हिसा म्हणजे पोस्टकार्डाएवढा जाड कागद होता, कडेनं बारीक पानांची वेल छापलेली, मधोमध 'उंचवट्याचं प्रजासत्ताक'. इतका देखणा सरकारी कागद मी माझ्या सरकारात कधी पाहिला नव्हता. येण्याच्या कारणापुढे मी 'मोजणी' लिहिलं आणि कागद परत दिला.

"अक्षर छान आहे," तो म्हणाला.

"व्हिसाला अक्षर बघतात?"

"नाही. हे मंत्र्याचं खासगी मत आहे."

मी नुसती पेटी उचलली. पण खरं सांगते, फाटकातून आत जाताना मी छत्री मिटली आणि केस नीट केले. का केले, ते मलाही ठाऊक नाही.

आता ही सगळी भानगड काय होती ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई कुठल्या कुठे घेऊन चाललीय.

आमच्या गावाच्या टोकाला एक ओढा आहे. ओढ्यापलीकडे दुसरं गाव. मध्ये एका जागी ओढ्याचे दोन फाटे होतात, एका उंचवट्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालतात आणि पुढे पुन्हा एक होतात. पन्नासेक वर्षांपूर्वी दोन्ही गावांनी आपापले नकाशे नव्यानं केले. दोन्ही मोजणीदार आले भर पावसाळ्यात. पाण्यात पाय कोण घालणार? अलीकडचा अलीकडच्या फाट्याशी थांबला, पलीकडचा पलीकडच्या. दोघांनी फिती गुंडाळल्या आणि घरी गेले. मधला उंचवटा राहिला तो राहिलाच. आणि त्या उंचवट्यावर एक घर होतं, घरात छापखाना होता.

छापखाना परराष्ट्रमंत्र्याच्या वडिलांचा. वडील वारल्यावर आईनं नळासाठी अर्ज केला. आमच्या नगरपालिकेनं लिहिलं, 'आपले घर आमच्या हद्दीत येत नाही, पलीकडे विचारावे.' पलीकडच्यांनी लिहिलं, 'आपले घर आमच्या हद्दीत येत नाही, अलीकडे विचारावे.' दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं झालं. बाई पाच वर्षं खेपा घालत होती. आणि बाई साधीसुधी नव्हती, निवृत्त गणित शिक्षिका होती. एके दिवशी तिनं दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्ही गावांना एकच पत्र पाठवलं. 'आम्ही आपल्या हद्दीत नाही, हे आपण दोघांनी लेखी कळवले आहे. पृथ्वीवर तर आहोत. सबब आजपासून आम्ही स्वतंत्र.'

ती दोन्ही पत्रं त्यांच्या बाहेरच्या खोलीत चौकटीत लावलेली होती. त्याखाली राज्यघटना. चारच कलमं. चौथं कलम असं होतं की देशात कोणी कोणाला 'उद्या या' म्हणणार नाही.

"हसू नकोस," मागून आवाज आला. "हे सगळं कायदेशीर आहे. कुठं चूक असेल तर दाखव."

मागच्या दारातून अंगणात बघितलं. एका बसक्या दगडावर उशी टाकून एक बाई ताठ बसली होती. चष्मा, मांडीवर शाल, हातात वही. मागच्या बाजूला पत्र्याची पडवी असल्यामुळे ती पावसातही कोरडी होती.

"आमच्या अध्यक्ष," परराष्ट्रमंत्री म्हणाला. "माझी आई."

"बाई म्हण मला. सगळे म्हणतात," अध्यक्षांनी सांगितलं. "घर पाडायला आलीयेस ना?"

मी मोजायला आले होते, पण बाईंचं चूक नव्हतं. दोन गावांना जोडणारा नवा पूल वरून मंजूर झाला होता आणि त्याचा एक खांब नेमका या घरावर येत होता. उंचवटा आमच्या हद्दीत निघाला तर नगरपालिका घर उठवणार, दुसरीकडे खोली देणार आणि खांब रोवणार. उंचवटा कोणाचाच नाही असं ठरलं तर पूल दुसरीकडून जाणार. आणि हद्द कोणती, हे मी सांगायचं होतं.

"मी पाडायला नाही आले," मी म्हटलं. "जे आहे ते लिहायला आलेय."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बरं. मग नीट लिही," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला मंत्र्याला पिटाळलं.

कामाची रीत अशी असते. नवे नकाशे चुकले असले तर जुन्या हद्दीचे दगड शोधायचे. पहिल्या मोजणीत या भागात तीन दगड रोवले होते. वरच्या अंगाचा सापडला, खालच्या अंगाचा सापडला. हद्दीची रेघ त्या दोघांच्या मध्ये कुठंतरी वळत होती, आणि जिथं वळत होती तिथला मधला दगड बेपत्ता होता. तो डोळ्यांनी दिसल्याशिवाय रेघ काढायची नाही, असा आमचा नियम. नाहीच दिसला तर अहवालात 'मधला दगड आढळला नाही' एवढं एक वाक्य लिहायचं. फाइल बंद.

माझ्याबरोबर फीत धरायला जो माणूस यायचा त्याचा गुडघा नेमका त्याच आठवड्यात धरला. एकटीनं फीत कशी धरणार?

"मी धरतो," परराष्ट्रमंत्री म्हणाला.

"तुमच्याच घराची मोजणी, आणि तुम्हीच टोक धरणार?"

"टोकच धरणार. आकडा तुमच्याकडे."

धरू दिलं मी. पुढे त्याचा जाब द्यावा लागला, पण ते नंतर.

तर रोज सकाळी मी व्हिसा घ्यायची, आणि मग आम्ही दोघं चिखलातून, गवतातून, फाट्याच्या कडेनं फीत घेऊन हिंडायचो. वीस मीटरच्या एका टोकाला तो, दुसऱ्याला मी.

"ताणून धरा."

"ताणलीच आहे."

"सैल आहे. मला इथं कळतं."

"इतक्या लांबून?"

"कामच आहे माझं."

"मग सांभाळून राहायला हवं," तो तिकडून म्हणायचा, "मला वाटलं होतं, इतक्या लांबून काही कळत नसेल."

मी वहीत तोंड खुपसून आकडा लिहायची. एकदा तर सतराचे एकाहत्तर लिहिले. सात वर्षं मोजणी करतेय, असं कधी झालं नव्हतं. पुन्हा मोजायला लावलं तर हा बाबा काही न बोलता परत चिखलातून चालत गेला, परत टोक धरलं. दुसऱ्यांदा मी एका सुताच्या फरकासाठी परत पाठवलं, तिसऱ्यांदाही. कोणीही वैतागला असता.

"तुम्ही चिडत कसे नाही?" मी विचारलं.

"मी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवतो," तो म्हणाला. "एक खिळा उलटा पडला तर सबंध पान पुन्हा. तुमच्यासारखं माणूस पहिल्यांदाच भेटलं... मला बरं वाटतंय."

त्या दिवशी घरी जाताना मी वाट चुकले. जन्मापासून ज्या गावात राहते त्या गावात.

दुपारचा चहा बाईंसोबत. बाई अंगणातल्या दगडावर, मी पायरीवर, तो दाराला टेकून उभा. बाई मला त्रिकोणाची कोडी घालायच्या. मी सोडवली की खूश व्हायच्या आणि लेकाकडे बघून म्हणायच्या, "बघ." नुसतं 'बघ'. तो म्हणायचा, "बघतोय." मग मी चहा गार होईपर्यंत कपात बघत बसायची.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातल्या जुन्या दफ्तरांत शिरले. धूळ, वाळवी, फाटके पुठ्ठे. तिथं पहिल्या मोजणीची वही मिळाली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की मधला दगड वरच्यापासून इतका लांब, खालच्यापासून इतका लांब. आनंदानं उडीच मारणार होते. नकाशावर दोन कंस काढले, जिथं छेदले तिथं पेन्सिलीनं टिंब दिलं, आणि मग बराच वेळ त्या टिंबाकडे बघत राहिले.

टिंब अंगणात होतं. मागच्या दारापासून चार पावलांवर. पडवीखाली.

बाई त्यावर बसल्या होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तीन दिवस गवत कापून कापून माझे हात सोलले होते, आणि दगडासमोर बसून मी रोज चहा पीत होते. टिंबावरून रेघ ओढली तर घर सगळंच्या सगळं आमच्या बाजूला येत होतं. म्हणजे गेलंच. अर्थात जुन्या साखळीनं केलेल्या मोजणीचा भरवसा नसतो, चार-पाच हात इकडेतिकडे होतं. म्हणूनच तर दगड बघायला हवा. आणि दगड बघायचा तर बाईंना म्हणायला हवं, 'बाई, उठा.'

म्हणून बघा तुम्ही. सत्तरीची बाई आपल्या अंगणात उशीवर बसलीय, आणि तुम्ही तिला उठा म्हणा. लहानपणापासून मोठी माणसं आली की आपण उठायचं, हे शिकलेले आपण. माझी जीभच रेटेना.

"बाई, इथं गार वारा येतोय. आत बसू या?"

"वारा चांगला. तू बस आत."

"बाई, आतला फोन वाजतोय बहुतेक."

"वाजू दे. परराष्ट्रखातं घेईल."

"बाई, उशी मळलीय. धुवायला टाकू?"

"माझी उशी माझ्यासारखीच आहे. धुऊन पांढरी व्हायची नाही."

दोन दिवस हा खेळ चालला. रात्री जेवण जाईना. कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता, निदान स्वतःपासून. मला तो आवडत होता. त्याचं ते दाराला टेकून उभं राहणं, चहाचा कप देताना शाई लागू नये म्हणून दोन बोटांनीच कप धरणं, माझ्या रागाला मुळीच न घाबरणं, सगळं सगळं आवडत होतं. आणि माझ्या एका वाक्यानं त्याचं घर जाणार होतं, त्याच्या वडिलांचा छापखाना जाणार होता, त्याच्या आईचा देश जाणार होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

सहाव्या दिवशी मी छापखान्यात गेले. छपाईचं ट्रेडल मशीन बंद होतं. तो स्टुलावर बसून खिळे परत खणांत टाकत होता, एकेक, न बघता.

"मला दगड कुठंय ते कळलंय," मी म्हटलं.

त्याचा हात थांबला. "कुठं?"

"बाई बसतात तो."

खरंच त्याला माहीत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. तो उठला, खिडकीतून अंगणात बघितलं. आई नेहमीसारखी बसली होती, वहीत काहीतरी लिहीत.

"घर तुमच्या गावात जातं?"

"हिशोबानं तसंच दिसतंय." मग मी भडाभडा बोलत सुटले. "पण दगड अजून मी पाहिलेला नाही. कोणीच पाहिलेला नाही. जुनी वहीही मीच उघडलीय, दुसरं कोणी उघडणार नाही. 'आढळला नाही' एवढं एक वाक्य आहे. मी लिहू शकते. उद्याच लिहू शकते."

तो खिडकीशीच होता. पत्र्यावर पाऊस लागला होता. मग तो वळला.

"नको लिहूस."

पहिल्यांदाच त्यानं मला 'तू' म्हटलं. आणि तेही असं.

"का नको? घर जाईल."

"जाईल." त्यानं हातातला खिळा खणात ठेवला. "तू मला सतरा मीटरसाठी तीनदा चिखलात पाठवलंस. एका सुतासाठी. त्याच्यानंतर मला झोप लागली नाही, माहितीये? असं कोणी असतं, यावर माझा विश्वासच बसत नव्हता. आता तू ते वाक्य लिहिलंस तर घर राहील... पण ती जी तीनदा पाठवणारी होती, ती राहणार नाही. मग मी या घरात काय करू?"

डोळे भरून आले आणि त्याचा मला भयंकर राग आला.

"चल," तो म्हणाला. "आईला सांगू."

आम्ही दोघं अंगणात गेलो आणि बाईंपुढे उभे राहिलो. तो बोलेल म्हणून मी गप्प, मी बोलेन म्हणून तो गप्प. परराष्ट्रमंत्र्याच्या तोंडूनही 'आई, ऊठ' निघेना. वर्गाबाहेर उभी केलेली पोरं जशी, तसे आम्ही.

बाईंनी वही मिटली.

"दोन दिवस वाट बघतेय, दोघांपैकी कोण बोलतं याची," त्या म्हणाल्या. "माझी कंबर अवघडली."

"आई, तुला माहीत होतं?"

"दोन वर्षांपूर्वी पुरात माती वाहून गेली, तेव्हा दिसला. डोक्यावर खूण आहे. मी गणिताची बाई, मला खूण कळत नाही होय?" त्यांनी एकदा घराकडे बघितलं. "आधी सापडला असता तर नळ मिळाला असता. नंतर सापडला. तोवर देश झाला होता. त्या दोन गावांनी मला पाच वर्षं दारात उभं केलं, म्हटलं, आता मी बसते. बसले."

मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी तो धरला. बाई उठल्या, स्वतःच उशी उचलली आणि काखेत मारली.

"मोज," त्या म्हणाल्या.

दगडाच्या माथ्यावर अधिकची खूण होती, झिजलेली पण स्पष्ट. मी यंत्र लावलं. दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा. टिंबापेक्षा दगड सव्वा दोन मीटर घराच्या जवळ निघाला. वरच्या दगडापासून रेघ आली, मधल्या दगडाशी वळली, आणि मागच्या दारातून घरात शिरून खिडकीतून बाहेर पडली.

"म्हणजे?" त्यानं विचारलं.

"म्हणजे स्वयंपाकघर पलीकडच्या गावात. छापखाना आणि बाहेरची खोली अलीकडच्या."

बाईंनी दाराच्या उंबऱ्याकडे बघितलं. "म्हणजे मी भाजी पलीकडे करायची आणि अलीकडे वाढायची?"

"हो, बाई."

"आणि घर उठवायचं असेल तर?"

हे माझ्या तोवर डोक्यातच आलं नव्हतं. मी यंत्रावरून मान वर केली. "दोन्ही गावांनी एकमतानं ठराव करावा लागेल."

बाई पहिल्यांदा हसल्या. ती दोन गावं चौदा वर्षं एका दिव्याच्या खांबावरून भांडत होती.

तरी देश गेला होताच. बाई आत गेल्या आणि भिंतीवरची चौकट उतरवली. तिथं पांढरा चौकोन उरला. त्यानं फीत गुंडाळली, चिखल पुसला, माझ्या हातात दिली. मी वाट बघितली. तो फक्त म्हणाला, "सांभाळून जा." छापखान्यात जे बोलला ते देश जायच्या आधी बोलला होता. आता आईचा चेहरा बघून त्याला काय वाटत असेल, मला कळेना. आणि विचारायचं कसं? फाइल उघडी असताना मी तिथं पुन्हा पाऊल टाकणंही बरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांसमोर अहवाल ठेवला. आमचे साहेब म्हणजे निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे, टेबलावर धूळ चालत नाही असे.

"साहेब, याच्यावर माझी एकटीची सही नको," मी म्हटलं. "फेरमोजणी करा."

"का? चुकलंय?"

"नाही. पण फीत त्या घरातल्या मुलानं धरली होती."

"हे चूकच."

"आणि... तो मला आवडतो."

साहेबांनी चष्मा काढला. "आवडतो म्हणजे अंदाजे, की नक्की?"

"नक्की, साहेब. प्रेमच म्हणा."

साहेबांनी चष्मा पुसला, लावला, छत्री घेतली आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतः चिखलात उतरले. दोन दिवस मोजलं. फरक आला दोन बोटांचा, तोही नियमात बसणारा. मग त्यांनी नोटीस काढली. मला वाटलं, सुटले.

तिसऱ्या दिवशी नोटिशीची ऑफिसप्रत फाइलला लावताना मी ती वाचली.

'सदर मोजणी करणाऱ्या मोजणीदार यांचे सदर घरातील मुलावर प्रेम असल्याचे त्यांनी स्वतःहून कळविल्यावरून फेरमोजणी करण्यात आली. फेरमोजणीत फरक आढळला नाही. याबाबत कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी.' खाली: 'प्रत माहितीसाठी. एक, नगरपालिका अलीकडील. दोन, नगरपालिका पलीकडील. तीन, घरमालक.'

पायाखालची जमीन सरकली. आमच्या धंद्यात जमीन सरकणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

"साहेब! हे तुम्ही लिहिलंत?"

"कारण लिहावं लागतं," साहेब मान वर न करता म्हणाले. "नाहीतर फेरमोजणीला अर्थ काय? तूच शंभर नोटिसा काढल्यास."

काढल्या होत्या. त्या लोकांच्या होत्या. आता दोन गावांच्या नगरपालिकांना, रीतसर, जावक क्रमांक घालून, माझं प्रेम कळवलं गेलं होतं. ज्याला मी तोंडानं एक शब्द बोलले नव्हते, त्याला ते टपालानं, गोल शिक्क्यासह मिळणार होतं.

ते सात दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या नगरपालिकेचं पत्र आलं, 'हरकत नाही.' चौथ्या दिवशी पलीकडच्यांचं, 'हरकत नाही.' चौदा वर्षांत दोन्ही गावांचं कशावर एकमत झालं असेल तर ते माझ्यावर. ऑफिसातली सगळी माणसं माझ्यापुढून जाताना खोकायची. घरमालकाकडून मात्र काही नाही. पाचवा दिवस गेला, सहावा गेला. मी मनाशी म्हटलं, बरोबरच आहे. जिच्यामुळे आईनं भिंतीवरची चौकट उतरवली, तिला काय कळवणार? कामात जीव घालायचा म्हटलं, तर कामातही तोच ओढा, तोच उंचवटा.

सातव्या दिवशी ऑफिस बंद व्हायच्या बेताला तो आला. आवकच्या खिडकीशी मीच बसले होते, बाकी लोक डबे आवरत होते. केस भिजलेले, शर्ट इस्त्रीचा, हातात लिफाफा.

"मला हरकत नोंदवायची आहे," तो म्हणाला.

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. "कशाला... हरकत?"

"लेखी दिलीय. आवक क्रमांक द्या."

क्रमांक घातला. शिक्का मारला, वाकडा बसला. नियमाप्रमाणे उघडून वाचणं भाग होतं. जाड कागद होता, खिळ्यांनी जुळवून छापलेला.

'विषय: नोटिशीतील अपुऱ्या नोंदीबाबत. महोदय, आपल्या नोटिशीत मोजणीदार यांचे प्रेम नमूद केले आहे. मुलाचे प्रेम नमूद केलेले नाही. त्यामुळे प्रेम एकाच बाजूने असल्याचा वाचणाऱ्याचा समज होतो. हे वस्तुस्थितीला धरून नाही. मुलाचे प्रेम नोटिशीच्या तारखेआधी किमान सात दिवसांचे असून ते आजही जागेवर आहे. आईने पाहून खात्री केली आहे. तरी नोंद दुरुस्त व्हावी, ही विनंती.'

मी एकदा वाचलं. परत वाचलं. अक्षरं हलायला लागली.

"उशीर का केला?" मी विचारलं. "सात दिवस... मला वाटलं..."

"दोनदा जुळवलं, दोनदा मोडलं. एक खिळा उलटा पडत होता," तो म्हणाला. "तुझ्याकडे चुकलेला कागद आणायची माझी हिंमत नव्हती."

"आणि बाई? त्यांना राग नाही?"

"आई म्हणते, देश गेला ते गेला. ती पोरगी जाऊ देऊ नकोस."

आतून साहेबांचा आवाज आला, "हरकत रास्त आहे का?"

"रास्त आहे, साहेब," मी म्हटलं.

"मग दुरुस्ती करून टाक. उद्यावर ढकलू नकोस."

आमच्या ऑफिसात नोंद खोडत नाहीत. जुनी ओळ वाचता येईल अशी एक सरळ रेघ मारतात, तिच्यावर दुरुस्त ओळ लिहितात, आणि जिच्याबद्दल नोंद आहे ती दोन्ही माणसं शेजारी सही करतात. मी पट्टी घेऊन रेघ मारली. वर लिहिलं, 'दोन्ही बाजूंनी.' वही फिरवून त्याच्यापुढे केली. त्यानं सही केली. मग त्याच पेनानं मी केली, आणि फाइल बांधायला घेतली तेव्हा गाठ मारायला त्यानं दोऱ्यावर बोट धरलं.